साहेबांनी गॅलरीत लक्ष घातले

देश चालवायला हात लागत नाहीत, हे सत्य फार थोड्या पुण्यवान जीवांना उमगते. साहेबांना ते ऐन तारुण्यात उमगले. गाऱ्हाणे डोळे मिटून ऐकायचे, मान हळू डोलवायची आणि म्हणायचे, "लक्ष घालतो." एवढ्या एका साधनेवर ते नगरसेवकाचे खासदार, खासदाराचे मंत्री आणि शेवटी देशाचे प्रमुख झाले. (त्यांच्या काळात एक पूल बांधून झाला, त्यात लक्ष घालायचे राहून गेले होते.) एका पाहणीनुसार शंभरातल्या ब्याण्णव लोकांचे काम झाले नाही आणि त्यांतल्या नव्वदांचे समाधान झाले. उरलेले दोघे जन्माचे किरकिरे.

पुढे सत्ता गेली. बंगला गेला, दारे उघडणारा शिपाईही गेला. साहेब पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पत्नीसह राहू लागले. एका भर दुपारी बाईसाहेब कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या. मागे वाऱ्याने काचेचे दार आपटले आणि आतला खटका पडला.

"अहो, खटका उचला! चपला आत राहिल्यात, फरशी तापलीये!"

साहेब तत्काळ उठले. (ते कधी उठत नसत, हा विरोधकांचा प्रचार.) काचेपाशी आले, हात जोडले, डोळे मिटले.

"तुमच्या वेदनेची मला पूर्ण जाणीव आहे."

"जाणीव राहू द्या हो! एक बोट लावा!"

"या दाराकडे आजवर कुणी पाहिलंच नाही. मी पाहतो आहे."

"पाहताय ते दिसतंय मला! पाय भाजतायत माझे!"

बाईसाहेब या पायावरून त्या पायावर नाचू लागल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. खरे पाणी, थोरवी म्हणतात ती हीच. खाली न्हावी दुकानाबाहेर आला, त्याच्यामागून अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईक, मग अख्खी गल्ली. काचेतून गर्दी दिसताच साहेबांचा गळा आपोआप मोकळा झाला. "या माउलीला मी शब्द देतो," ते गरजले, "तिला सावली मिळेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही!" आणि ते खरोखरच उभेच राहिले.

"बाई अडकलीये वाटतं," न्हावी म्हणाला.

"अडकली असेल. पण तो माणूस बघा किती कळवळतोय!" समोरची शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "आमचे हे टीव्हीवरून मानसुद्धा वळवत नाहीत."

टाळ्या पडल्या. त्या आवाजात बाईसाहेबांनी कुंडी उचलली आणि काच फोडली. आत हात घालून खटका वर केला, चपला घातल्या, पिशवी भरली आणि लंगडत लंगडत बहिणीचे घर गाठले. (एकूण काम एका बोटाचे, त्यावर भाष्य करणे आम्हाला शोभत नाही.)

"साहेबांच्या घरावर हल्ला!" गल्ली ओरडली. तासाभरात शहर ओरडले. फुटक्या काचेमागे पाणावलेल्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो घरोघर पोचला आणि पुढच्या निवडणुकीत ते आजवरच्या सर्वाधिक मतांनी पुन्हा गादीवर बसले. बाईसाहेब अजून बहिणीकडेच असतात आणि तळव्यांना मलम लावतात.

तुम्ही म्हणाल, त्या गर्दीत आम्ही नव्हतो. नसालही. पण आत्ता बाईसाहेब तापल्या फरशीवर नाचत होत्या आणि वाचताना तुम्हाला हसू येत होते. साहेबांना याहून जास्त काही लागत नाही.