देवधरकाकांचा संयुक्त मोर्चा

नवा माणूस भेटला की देवधरकाका त्याचं नाव विचारत नाहीत. "आपके कितने घर हैं?" असं विचारतात. आमच्या इंद्रपुरी कॉलनीत त्याच्या समाजाची घरं किती, असा अर्थ. परवा एक नवा भाडेकरू घाबरून म्हणाला, "एक भी नहीं, अंकल. मैं तो किराये पर हूँ."

मी पांढुर्ण्याचा, घरातला पहिला पदवीधर. भोपाळात नोकरी लागली तेव्हा काकांनीच वरची खोली दिली. त्यामुळे त्यांच्याविषयी वाकडं लिहिताना हात जड होतो. पण लिहितो.

"थोडे थोडे मिळून खूप होतात!" हे काकांचं ब्रीद. मल्याळी, सिंधी, बंगाली, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्यांना जोडून त्यांनी संयुक्त मोर्चा उभा केला. अध्यक्ष अर्थातच काका. कोणी रुसू नये म्हणून उपाध्यक्ष पाच. साधा सदस्य मी एकटा.

प्रश्न मात्र खरा होता. कॉलनीतलं एकुलतं एक मैदान मॅरिज गार्डनसाठी ठेकेदाराला जाणार होतं. ईदची दावत, ओणम, दुर्गापूजा, गणपती, सगळं तिथंच व्हायचं.

काका सगळ्यांना घेऊन महापालिकेच्या साहेबांकडे गेले आणि एकतेवर बोलत सुटले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "सब आ गए, देवधरजी. मराठी लोग कहाँ हैं?"

पाचही उपाध्यक्ष छताकडे बघू लागले.

मराठी मंडळाचे अध्यक्ष बोकारे नागपूरचे, काका ग्वाल्हेरचे. नोकरीत असताना दोघं एकाच कारखान्यात, एकाच खात्यात होते, डबाही एकत्र खायचे. मग एका गणपतीत आरतीचं ताट आधी कोणी धरायचं यावरून बिनसलं. "नागपूरकरांना रीत काय कळणार!" म्हणत काकांनी मंडळ सोडलं. तेव्हापासून त्यांना केरळ जवळ आणि दोन घरं सोडून राहणारे बोकारे लांब.

"कल उनको भी लाइए, फिर देखेंगे," साहेब म्हणाले.

त्याच दुपारी काका बोकाऱ्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. भाषण पाठ होतं. धीरासाठी मी सोबत.

बोकारे बाहेर आले. "काऊन रे श्याम्या, उन्हात काय करून राहिला?"

काका भाषण विसरूनच गेले. "मैदान जातंय रे. उद्या चल."

"अन् आरतीचं ताट?"

"तूच धर."

"येतो ना. मैदान काय तुझ्या एकट्याचं आहे? चल, आत ये."

काका हलले नाहीत. "पुन्हा एकदा म्हण," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"श्याम्या. आता मला सगळे 'जी'च लावतात रे."