शैलेंद्रने अडवलेली मिठी

मार्जरी सोमवारी सुट्टीवरून परतणार आणि आल्या आल्या सगळ्यांना मिठी मारणार, हे शैलेंद्रला रविवारी जेवताना आठवलं, तसा त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मार्जरी त्यांची अमेरिकेतल्या हर्नडनच्या ऑफिसातली बॉस. आणि टीममध्ये नवीन आलेला जॉर्डनचा इद्रिस परक्या बाईशी हातसुद्धा मिळवत नसे. छातीवर हात ठेवून अदबीने मान लववायचा.

"ते दोघं बघून घेतील. तुझं काय जातंय?" त्याची बायको नंदा म्हणाली.

"अगं, टीम लीड मी आहे. त्यात हल्ली इथे लोक अरबांकडे कसे बघतात, माहितीये ना? बाईचा अपमान केला म्हणतील."

"मग आधीच सांगून टाक दोघांना."

"असं तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटेल ना."

मिठी होऊ द्यायची नाही, असा त्याने निश्चय केला. सोमवारी सकाळपासून तो इद्रिसच्या मागे सावलीसारखा. इद्रिस कॉफी घ्यायला गेला, हाही गेला.

"काही काम होतं का?" इद्रिसने विचारलं.

"नाही, सहज."

तेवढ्यात मार्जरी हात पसरून आली. "तूच इद्रिस ना?" शैलेंद्र मध्ये घुसला. मिठी त्याला बसली. ती डावीकडे सरकली, तोही सरकला. दुसरी मिठीही त्यालाच, आणि त्याच्या हातातली कॉफी इद्रिसच्या शर्टावर.

शर्ट पुसत इद्रिस शांतपणे म्हणाला, "माफ करा, मी परस्त्रीला स्पर्श करत नाही. आमच्यात मान असाच देतात."

"बरं झालं सांगितलंस. आमच्यात मिठी मारून देतात," मार्जरी म्हणाली आणि तिनेही छातीवर हात ठेवला. प्रश्न मिटला. मग ती शैलेंद्रकडे वळली. "घरापासून फार लांब आलायस रे, म्हणून दोनदा मिठीसाठी पुढे आलास. कळलं मला."

त्या दिवसापासून शैलेंद्रला रोज सकाळी मिठी. चारचौघांत बायकोचाही हात न धरणारा हा नागपूरचा माणूस लाकडासारखा उभा राहायचा.

"आवडत नसेल तर सांग तिला," इद्रिस म्हणाला.

शुक्रवारी शैलेंद्र वाक्य घोकून, मन घट्ट करून तिच्या केबिनमध्ये शिरला. "मार्जरी, माझ्या..." तिने हात पसरले. "माझ्या बायकोने तुला उद्या जेवायला बोलावलंय."

हे ऐकून नंदा म्हणाली, "येऊ दे. दारातच सांगते तिला काय ते."

शनिवारी दार उघडताच मार्जरीने हात पसरले. नंदा ठामपणे पुढे झाली आणि तिच्या मिठीत जी शिरली, ती बराच वेळ सुटेचना.

"मायाळू आहे रे बाई," मार्जरी गेल्यावर ती डोळे पुसत म्हणाली. "तुलाच मेलं काय होतं?"