गाडीखालचे मास्तर

मास्तरांची गाडी वयाने जुनी, तब्येतीने ठणठणीत. पण वळण आलं की अशी कलायची, जणू शेजारच्या गाडीच्या कानात काही सांगायचंय. मास्तरांची मेहुणी राहायची डोंगरावर. तिच्याकडे पोचेपर्यंत बायकोचा चेहरा मळमळून हिरवागार व्हायचा.

"यापुढे ताईकडे चालत जाईन," शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "पण या पाळण्यात पुन्हा बसणार नाही."

भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांच्या ते जिवाला लागलं. चौकशी केल्यावर कळलं, की मागच्या दोन चाकांना जोडणारा एक लोखंडी दांडा मिळतो, अँटी-रोल बार. तो बसवला की गाडी वळणावर फारशी कलत नाही. मास्तरांनी दांडा आणला आणि रविवारी सकाळी दारातच काम काढलं. मागची डावी बाजू जॅकने उचलली, खाली भक्कम टेकू लावला आणि उताणे होऊन आत सरकले. बाहेर राहिले फक्त पाय.

दांड्याचं डावं टोक मुकाट बसलं. उजवं काही केल्या बसेना. भोक इथं, तर बोल्ट तिथं. मास्तर दोन्ही हातांनी दांडा वर रेटत होते. सोडावा तर थेट नाकावर. तेवढ्यात गंजाची खपली डोळ्यात पडली.

"अगं ए! धाव लवकर! आता नाही सहन होत!"

बायको होती मागच्या अंगणात, कपडे वाळत घालत. ऐकलं समोरच्या काकूंनी. खिडकीतून पाहतात तो तिरकी गाडी आणि तिच्याखाली तडफडणारे दोन पाय.

"धावा हो धावा!" काकूंनी टाहो फोडला. "मास्तर गाडीखाली आले!"

हां हां म्हणता गल्ली लोटली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला. न्हावी वस्तऱ्यासकट आला आणि त्याच्यामागून एका गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईक. बायको अनवाणी धावत आली. तिनं पदर खोचला आणि उजवीकडून बंपरला हात घातला.

"वहिनी, तुम्ही सरका, आम्ही आहोत..."

"आहात तर उचला की!"

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. इतका वेळ जमिनीवर रुसून बसलेलं उजवं चाक डाव्यासारखंच लोंबलं, आणि भोक आपण होऊन बोल्टसमोर आलं.

"अहाहा!" गाडीखालून आवाज आला.

"शेवटचं दिसतंय," न्हावी पुटपुटला.

"सोडू नका! असंच धरा! अरे, नट कुठं गेला?"

"डोक्यावर परिणाम झालाय," काकूंनी डोळ्याला पदर लावला.

थोड्या वेळानं मास्तर बाहेर सरकले. तोंड काळंठिक्कर, दात तेवढे पांढरे. "बसला!" ते म्हणाले.

न्हाव्यानं एकदा वस्तऱ्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या मानेकडे. मग साबणवालं गिऱ्हाईक फिसकन हसलं आणि सगळी गल्लीच हसत सुटली. मास्तरांचे मात्र डोळे भरून आले. एवढी माणसं हातातलं टाकून आपल्यासाठी धावली! त्यांनी एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि ज्याचे मानले त्याचा हात काळा झाला.

"सगळ्यांचे मानून झाले असतील," बायको रस्त्यावरच बसकण मारून म्हणाली, "तर मला उठवा. कंबर गेली माझी."

तिला मागच्या सीटवर आडवी करून मास्तर दवाखान्याकडे निघाले. चौकातल्या वळणावर गाडी ताठ मानेनं वळली. मागून आवाज आला, "बरं झालं बाई बसवलात."

"काही जड उचललंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी," बायको म्हणाली.

डॉक्टर चष्मा काढून बघतच राहिले. मास्तर ओशाळून म्हणाले, "तिला वाटलं, मी चेंगरलो."

"ते पहिल्यांदा. तुम्ही नट शोधायला लागलात, तेव्हाच कळलं मला, की धडधाकट आहात."

"मग सोडायची नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, असंच धरा?"

बायकोच्या तळव्यावर बंपरचा लालभडक वळ उठला होता. तो हात मास्तरांनी दोन्ही हातांत घेतला आणि डॉक्टरांसमोरच धरून बसले.

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही काय उचललंत?"

"मी काही नाही," मास्तर म्हणाले. "मी नुसता पडून होतो."