दिपमालाची लाल रेघ

ज्ञानेश्वर पाटलाने त्या दुपारी टीव्ही लावला तो मारामारीचा पिक्चर पाहायला. बायको माहेरी गेलेली, कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपलेला, बाहेर जळगावचं पंचेचाळीस डिग्री ऊन. अशा वेळी माणसाने पंख्याखाली आडवं होऊन दहा-वीस गुंड लोळवलेले पाहावेत, यात गैर काही नाही. पण टीव्हीवरचं पिक्चरचं ॲप उघडलं ते दिपमालाच्या नावाने. वर तिचं नाव, शेजारी पोपटाचं चित्र, आणि खाली ‘अर्धवट राहिलेले’ अशी ओळ. त्या ओळीत पहिलंच चित्र साठीच्या एका बाईचं होतं, आणि बाईच्या गळ्यात बँडवाल्यांचा मोठा ढोल होता. चित्राखाली, पिक्चर किती पाहून झाला ते दाखवणारी लाल रेघ ओढलेली होती. रेघ पाऊण तासावर थांबली होती.

ही रेघ कुठून आली, हे ज्ञानेश्वरला कळेना. दिपमाला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, चार दिवसांपूर्वीच धुळ्याजवळ फागण्याला माहेरी गेली होती, आणि घरात त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग डोक्यात प्रकाश पडला. तिच्या मोबाइलमध्येही हेच ॲप होतं. ती तिकडे पिक्चर पाहत होती आणि त्याची रेघ इकडे उमटत होती.

दिपमालाला भलत्याच पिक्चरचा नाद होता. प्रेमाचेच, विनोदीच, पण वाकड्या वाटेने जाणारे. ज्यात हिरो डोंगरावर हात पसरून उभा राहत नाही, ज्यात हिरोइनला गुडघेदुखी असते, ज्यात लग्न अगोदर मोडतं आणि प्रेम मागून होतं, असे. वहीत ती त्यांची यादी करायची आणि वर ‘बघण्यासारखे’ असं लिहायची. लग्नाच्या सातव्या वाढदिवशी तिने हट्टाने ज्ञानेश्वरला असल्या एका पिक्चरसमोर बसवलं होतं. बाराव्या मिनिटाला तो घोरायला लागला. “तुमच्यासोबत पिक्चर पाहणं म्हणजे कपाशीच्या गाठीसोबत पाहणं,” असं म्हणून ती चार दिवस बोलली नव्हती.

त्याने तिला फोन लावला.

“काय करून राहिली?”

“सांजोऱ्या. तुम्ही?”

टीव्हीसमोर तिच्या नावाखाली बसलोय, असं काही त्याला सांगवेना. “जिनिंगवर आहे. मशिनी उघडेल आहेत. लय काम आहे.”

“बरं.”

“पिक्चर-बिक्चर पाहते की नाही?”

“पाहते ना. दुपारी पाऊण तास. मग आई हाक मारते.”

“एकटी?”

“एकटी कशाला? इथे सोबतीला काय तोटा? जितेंद्रने मोठ्या टीव्हीला वायर जोडून दिली. आणि इथली माणसं जागी राहतात बरं का.”

तेवढ्यात मागून एक पुरुषी हसू ऐकू आलं. चांगलं पोट धरून हसलेलं. ज्ञानेश्वरच्या मनात पाल चुकचुकली.

जितेंद्र म्हणजे तिच्या माहेरच्या गल्लीतला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, केसांना जेल, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिपमाला राणी झाली तेव्हा हा राजा. लग्नात यानेच ज्ञानेश्वरच्या पानात तीनदा बुंदी वाढली होती. त्या वेळी ज्ञानेश्वरला ते प्रेमळ वाटलं होतं. आता वाटलं, हा माणूस आपलं तोंड बंद ठेवायला बघत होता.

फोन ठेवल्यावर त्याने ठरवलं की, ते दोघं काय पाहतात ते आपणही पाहायचं. नुसता पुरावा म्हणून, लाल रेघेपर्यंत. तो पहिल्यापासून बसला. ढोलवाल्या बाईने बायकांचं बँडपथक काढलं होतं आणि शेजारचा रिटायर्ड मास्तर रोज आवाजाची तक्रार करत होता. तक्रार लिहिता लिहिता मास्तर तालावर पेन आपटायला लागला. बारावं मिनिट गेलं, विसावं गेलं. मत्सराने पेटलेल्या माणसाला झोप येत नाही, हा शोध ज्ञानेश्वरला त्या दिवशी लागला. पाऊण तास झाला, रेघ मागे पडली, तरी त्याला उठवेना. मास्तर चोरून बँडची खाकी टोपी शिवून आणतो तिथपर्यंत तो पाहत गेला आणि सव्वा तासावर दूधवाल्याने बेल वाजवली म्हणून थांबला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा टीव्ही लावला. रेघ सव्वा तासावरून मागे आली होती. पुन्हा पाऊण तासाच्या आसपास.

म्हणजे तीच जागा त्या दोघांनी परत पाहिली होती. ज्ञानेश्वरने ती जागा काढून बघितली. मास्तर त्या बाईच्या ढोलाचा सुटलेला पट्टा तिच्या पाठीमागे उभा राहून बांधत होता, हळूहळू, घाई न करता. ज्ञानेश्वरच्या अंगाचा तिळपापड झाला. हे पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं काय आहे? आणि पाहायचंच होतं तर जितेंद्रसोबत कशाला?

आपण पाहिल्याने रेघ तिकडेही पुढे सरकते आणि तिला ती मागे आणावी लागते, हे त्याच्या डोक्यात आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मत्सर डोक्यात शिरला की आधी अक्कल बाहेर पडते. तो रोज दुपारी बसू लागला. ढोलवाली संपली आणि रिक्षावाला सुरू झाला. घटस्फोट झालेले नवरा-बायको, दोघांत एकच रिक्षा. दिवसा ती चालवते, संध्याकाळपासून तो. बोलणं बंद, म्हणून एकमेकांना चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या: ‘हॉर्न कमी वाजव’, ‘ब्रेक तू खराब केलास’, ‘पेट्रोल भरलंय, डोकं खाऊ नको’. पिक्चर दक्षिणेकडचा होता, खाली हिंदीत अक्षरं येत होती. ज्ञानेश्वर ती अक्षरं मोठ्याने वाचायचा आणि मध्येच एकटा हसायचा. हसून झालं की जितेंद्र आठवायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी दिपमालाचाच फोन आला. आवाज वेगळा होता.

“घरी दुपारी कोणी येतं का?”

“कोण येणार?”

“टीव्ही कोणी लावतं का?”

“मी जिनिंगवर. टीव्ही कोण लावेल? आणि तुझे ते पिक्चर तर सोडूनच दे. मला बारा मिनिटांत झोप येते.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली. “तुम्हाला तर बारा मिनिटांत झोप येते.”

आणि फोन ठेवला. ज्ञानेश्वरने त्याचा सरळ अर्थ लावला. नवरा कामात आहे ना, घराकडे त्याचं लक्ष नाही ना, याची ती खात्री करून घेत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं तो स्वतःशीच म्हणाला. लगेच टीव्हीसमोर बसून त्याने रिक्षाचा पिक्चर शेवटापर्यंत पाहून टाकला, आणि डोळे पुसत ठरवलं की, उद्या फागण्याला जायचं.

आता आखाजी हा लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस-सांजोऱ्या खातात, सासरची यथेच्छ निंदा करतात. त्या दिवशी न बोलावता जावई दारात उभा राहिला, तर फागण्याच्या त्या गल्लीत त्याच्यावर गाणं रचून वर्षभर झोक्यावर म्हणत. ज्ञानेश्वरला हे ठाऊक होतं. पण संसारच बुडायची वेळ आली तर गाण्याला कोण भितो? सकाळी नऊची एसटी धरून, एरंडोल-पारोळा करत, घामाने चिंब होऊन तो साडेअकराला फागण्यात उतरला.

झोक्यावरच्या पोरींनी त्याला पाहिलं आणि झोके थांबले. एक जण गुणगुणायलाही लागली. सासूबाई, प्रमिलाबाई, पिठाच्या हातानेच दारात आल्या.

“जावईबापू, तुम्ही आज कसाकाय? आखाजी शे ना.”

“दिपमाला कुठे आहे?”

“ती ते सकायलेच जळगावले गयी. म्हने, घर देखी येस.”

ज्ञानेश्वरने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. “आणि जितेंद्र?”

“तो शे ना आत, टीव्हीमांगे.”

सासरे रुपचंदनाना आतल्या खाटेवरून म्हणाले, “पोर आखाजीले सासरी गयी अन जावई माहेरले उना. बठ्ठं, सगळंच उलटं शे.”

ज्ञानेश्वर आत गेला. माजघरात गल्लीतल्या दहा-बारा लेकी आतापासूनच जागा धरून बसल्या होत्या. त्यांत जितेंद्रची बायकोही होती, मांडीवर पोर घेऊन. आणि टीव्हीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत एक वायर धरून जितेंद्र बसला होता; दिपमालाने तिचा मोबाइल नेल्यामुळे आज वायरला त्याचाच मोबाइल होता.

“या दाजी,” तो म्हणाला. “वायर ढिली आहे. हात काढला की चित्र जातं. आठ दिवस झाले, मी नुसतं ऐकून राहिलो. ती ढोलवाली बाई दिसते कशी, सांगा बरं.”

पुरुषी हसू कुणाचं होतं, तेही लगेच कळलं. नाना खाटेवर रिक्षावाल्याची चिठ्ठी आठवून तसंच पोट धरून हसत होते. ज्ञानेश्वरला इतकं हलकं वाटलं, की जितेंद्रने पुन्हा तीनदा बुंदी वाढली असती तरी त्याने खाल्ली असती. तेवढ्यात फोन वाजला.

“कुठे आहात?” दिपमालाने विचारलं.

“फागण्याला.”

“तुम्ही तिथे काय करून राहिले?”

“तू तिथे काय करून राहिली?”

“मी आपल्या घरात उभी आहे. टीव्हीसमोर दोन ग्लास आहेत. दोन. उशी आहे. वाटीत शेंगांची टरफलं आहेत. मी पाऊण तासावर पिक्चर सोडते आणि दुसऱ्या दिवशी तो सव्वा तासावर असतो. तुम्ही जिनिंगवर. मग माझे पिक्चर इथे पाहून कोण राहिली, ते सांगा.”

आपल्या बायकोच्या तोंडून ‘राहिली’ ऐकून ज्ञानेश्वरने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. “कोणी नाही. मीच.”

“तुम्ही?”

“एका ग्लासात पन्हं होतं, एकात पाणी. जिनिंगचं खोटं बोललो.”

“आणि जागे राहिले? सात वर्षांत नाही राहिले ते आता राहिले?” पलीकडे तिने ग्लास आपटल्याचा आवाज आला. “खोटं बोलायचं तर नीट तरी बोला. मी बॅग भरून कायमची आईकडे येते.”

ती म्हटलेलं खरं करणारी बाई होती, हे ज्ञानेश्वरला माहीत होतं. प्रमिलाबाईंनी पदराला हात पुसले. नाना म्हणाले, “स्पीकरवर टाका. बठ्ठासले ऐकू द्या.”

“विचार,” ज्ञानेश्वर कसाबसा म्हणाला. “त्या पिक्चरमधलं काहीही विचार.”

“मास्तर टोपी कशी शिवून आणतो?”

“खाकी. आणि मापासाठी स्वतःच्या डोक्यावर पातेलं ठेवून बघतो.”

लेकींमध्ये कुजबुज झाली. नानांनी मान हलवली.

“रिक्षावाली चिठ्ठी कुठे ठेवते?” आता तिचा आवाज जरा खाली आला होता. “आणि सीटखाली म्हणू नका.”

“सीटखाली तो ठेवतो. ती मीटरच्या मागे ठेवते. आणि ज्या दिवशी तिला ताप असतो त्या दिवशी चिठ्ठी नसते, म्हणून तो सगळी रिक्षा उघडून शोधतो. गादीसुद्धा फाडतो.” ज्ञानेश्वरने फोन तोंडाजवळ धरला. “दिपमाला, तिथे मी रडलो. आईशप्पथ.”

पलीकडे ती हळूच हसली. सात वर्षांत आपल्या बोलण्यावर ती अशी हसलेली त्याला आठवत नव्हतं. बाजी जिंकली होती. पण जिंकलेल्या माणसाने थांबावं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करायची वेळ त्याने स्वतःच ओढवून घेतली.

“आणि शेवटी तर काय कमाल आहे,” तो भरभरून म्हणाला. “ते परत लग्न करतच नाहीत. रिक्षा विकून जुनी बस घेतात. ती चालवते, हा तिकिटं फाडतो. आणि पहिलं तिकीट फाडतो ते तिचंच.”

झोक्यावरच्या पोरीही आत येऊन उभ्या राहिल्या होत्या. जितेंद्रच्या हातातली वायर सुटली आणि टीव्ही काळा झाला.

“आम्ही शेवट आज तीन वाजता पाहणार होतो,” फोनमधून दिपमाला सावकाश म्हणाली.

“आते काय देखानं?” नाना खाटेवरून उठले आणि पाठ फिरवून बसले.

“पण तूच विचारलं ना?”

“मी चिठ्ठीचं विचारलं. शेवटाचं नाही.” पलीकडे टीव्ही बंद केल्याचा, मग कुलूप लावल्याचा आवाज आला. “मी परतीच्या बसने येते,” ती म्हणाली. “आज मुक्काम करा. उद्या नवीन पिक्चर आहे. नानांना फोन द्या.”

नानांनी फोन कानाला लावला, दोनदा “हा, हा” केलं आणि तो जितेंद्रकडे दिला. जितेंद्रचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा फुलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माजघर गच्च भरलं. जितेंद्र केसांना जेल लावून, नवा शर्ट घालून, अगदी पुढे, दिपमालाच्या उजव्या हाताला बसला. ज्ञानेश्वर टीव्हीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत वायर धरून बसला होता. पिक्चर सुरू झाला. विसाव्या मिनिटाला दिपमाला खळखळून हसली, आणि तिच्यापाठोपाठ जितेंद्रही हसला.

“काय झालं?” ज्ञानेश्वरने मागून विचारलं.

“मग सांगते,” दिपमाला म्हणाली. “वायर हलवू नका.”