पिशवीविरहित आवृत्ती

मंडळाने एका बाईचा आवाज खाल्ला, आणि वर ढेकर दिला तोही निर्दोष, असा सरळ आरोप आहे.

मंडळ म्हणजे ध्वनिशुद्धता मंडळ. एकाच गाण्याच्या निरनिराळ्या हाय-रेझोल्यूशन डिस्क बाजारात आल्या की त्यांतली सरस कोणती ते ठरवायचं आणि बाकीच्या नष्ट करायच्या, म्हणजे जनतेच्या कानांचा गोंधळ उडायला नको, हे त्याचं काम. सदस्य फार चोखंदळ. गाणं काय, कुणालाही ऐकता येतं, असं ते म्हणत. डिस्कची खरी परीक्षा गाण्याआधीच्या शांततेत होते. म्हणून ते डिस्क लावायचे, ती शांतता कान देऊन ऐकायचे आणि गाणं सुरू झालं रे झालं की यंत्र बंद करायचे. उभी हयात डिस्कची तुलना करण्यात घालवलेल्या त्या मंडळींपैकी एकानेही एकही गाणं पुरतं ऐकलेलं नव्हतं.

बेकरीवाल्याचं प्रकरण अशाच एका शांततेतून उद्भवलं. त्याची बायको गायची. तिचं एकच गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि पुढे काही वर्षांनी ती गेली. रेकॉर्डिंगच्या दिवशी हा पठ्ठ्या भट्टीवरून थेट स्टुडिओत धडकला होता, तिच्यासाठी गरम बनची कागदी पिशवी घेऊन. कोपऱ्यात उभा राहून, तिच्यापेक्षा जास्त घाबरून, तो ती पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. त्यामुळे पहिल्या आवृत्तीत आधी कागद चुरचुरतो. मग ती हसू दाबत म्हणते, "अहो, पिशवी वाजवू नका. गाणं सुरू होतंय." मग श्वास घेते, आणि गाते.

लोकांना गाणं आवडायचं. बेकरीवाल्याला गाण्याआधीचं आवडायचं. दुकानाचं शटर ओढलं की तो तेवढाच तुकडा लावायचा. घरात त्याला 'अहो' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मंडळाने त्या आवृत्तीवर शेरा मारला: पार्श्वभूमीस पिशवी आढळते. कंपनीने लगबगीने दुसरी आवृत्ती काढली, पिशवीविरहित. ती ऐकून सदस्य गंभीर झाले. बाई ज्या पिशवीबद्दल तक्रार करते आहे ती ऐकूच येत नाही; म्हणजे सदर विधान निराधार ठरतं. आणि निराधार विधान शुद्ध डिस्कवर ठेवायचं कसं? तिसऱ्या आवृत्तीतून वाक्य गेलं. मग श्वास उघडा पडला. बोलणारं कुणी नसताना हा श्वास कुणाचा, असा बिनतोड मुद्दा एका सदस्याने काढला आणि त्याबद्दल त्याला बढती मिळाली. श्वासही गेला. आता हाती अशी निखळ शांतता आली की तिच्या पाठोपाठ गाणं सुरू झालं की सदस्य खुर्चीत दचकायचे. दचकण्याच्या कारणाची रीतसर चौकशी झाली. कारण गाणं निघालं.

चौथ्या आवृत्तीला सर्वोत्कृष्टतेचं प्रमाणपत्र मिळालं. मूळ टेप पुसली गेली आणि जुन्या डिस्क परत मागवल्या. लोकांनी रांगा लावून त्या परत केल्या. आपल्या घरात निकृष्ट काही सापडलं तर शेजारी काय म्हणतील?

राहिली ती बेकरीवाल्याची एकटी डिस्क. एवढी तरी राहू द्या म्हणून विनंती करायला तो लेकीला घेऊन मंडळात गेला. लेक सांगत होती, बाबा, डिस्क घरी ठेवून जाऊ. पण ऐकल्यावर साहेबांना कळेल, असं त्याला वाटलं. माणूस पिठात वाढलेला, भोळा.

"साहेब, यात ती बोलते," तो अध्यक्षांना म्हणाला.

"तोच तर दोष आहे," अध्यक्ष म्हणाले.

लेकीला राहवलं नाही. "आणि तुमच्या डिस्कवर तर गाणंच नाहीये."

"कशावर ऐकलंत, ताई?"

"घरच्या स्पीकरवर."

"तरीच." अध्यक्षांनी मायेने समजावलं, "साध्या यंत्रावर गाणं नाही असं नुसतं वाटतं. उत्तम यंत्रावर ते नाही हे किती सुस्पष्ट ऐकू येतं, एकदा अनुभवा तर खरं."

पुरावा म्हणून आणलेली डिस्क पुरावा म्हणूनच जमा झाली, आणि बापलेकीच्या देखत चुरा करायच्या यंत्रात गेली. ते यंत्र मात्र भलतंच खडखडत होतं. त्याबद्दल मंडळाकडे कुणाची तक्रार नव्हती. भरपाई म्हणून बेकरीवाल्याला चौथ्या आवृत्तीच्या गौरव समारंभाचं आमंत्रण मिळालं, गायिकेचे यजमान म्हणून, पहिल्या रांगेत.

तो गेला. मांडीवर बनची पिशवी. लेकीने विचारलं, आता ही कुणासाठी, तर म्हणाला, तिच्या गाण्याला मी रिकाम्या हाताने जात नाही.

सभागृह खचाखच भरलेलं. चौथी आवृत्ती लागली. लोकांनी डोळे मिटले. कुणी मान डोलावू लागलं, ते पाहून शेजारच्याने डोलावली, आणि मधेच एका ठिकाणी 'वा' अशी दाद आली, नेमकी कशाला ते दाद देणाऱ्यालाच माहीत. बेकरीवाला पुढे झुकून जिवाचा कान करून ऐकत होता. काही म्हणता काही नव्हतं. नकळत त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

कागद चुरचुरला. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मागच्या रांगेतली एक अनोळखी बाई पुढे वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, पिशवी वाजवू नका. गाणं सुरू आहे."

बेकरीवाल्याने डोळे मिटले. आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून पिशवी पुन्हा वाजवली.

शांतताभंगाच्या कारणावरून त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पिशवी फाटली, बन पायऱ्यांवर घरंगळले, लेक ते गोळा करत बसली. आत टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंडळाला काय विचारायचं? त्यांनी गाणं ऐकलंच नव्हतं. पण तुम्ही ऐकलं होतं. तुमच्या घरात ती डिस्क होती, आणि त्या दिवशी तुम्हीही सभागृहात होता, डोळे मिटून.

मान कशावर डोलावत होता? सांगा.