शिक्षा चालू आहे, बेल वाजवू नये

मंडळी, रेणू देगलूरकरने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती गोष्ट बिचारी पळून जाणार कुठे! यंदाच्या उन्हाळ्यात तिने मनावर घेतलं ते पोटच्या पोरांचं शिक्षण. पुतण्याच्या मुंजीत, भर पंगतीत, मठ्ठ्याचा पेला हातात धरून तिने जाहीर करून टाकलं, "जूनपासून मुक्ता आणि तन्मय शाळेत जाणार नाहीत. मी त्यांना घरीच शिकवणार!"

रेणूचा नवरा प्रशांत पानातल्या जिलबीकडे टक लावून बसला, कारण बायकोचा बेत त्याला आधीच ठाऊक होता आणि वडिलांकडे बघायची त्याची छाती नव्हती.

"घरी म्हणजे कसं?" वडिलांनी विचारलं. हे एकनाथराव, घरादाराचे अण्णा. उभी हयात हैदराबादच्या कोर्टात वकिली करण्यात गेलेली. काळा कोट उतरून वर्षं झाली, पण उलटतपासणी काही उतरली नव्हती.

"घरी म्हणजे चित्रं, मातीकाम, विणकाम. दर शनिवारी म्युझियममधला मुलांचा वर्ग. आणि वाचन! मराठी वाचन, अण्णा! आपल्याकडे मराठी बोलतात सगळे, वाचतं कोण? लग्नाची पत्रिका मराठीत आली की सगळे ती घेऊन तुमच्याकडे धावतात!"

घाव वर्मी बसला. अण्णांच्या सात नातवंडांपैकी एकालाही 'ळ' ओळखता येत नव्हता. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"ठीक आहे. दसऱ्यापर्यंत मुदत. दसऱ्याला मी स्वतः मुआयना करीन, सगळं तपासीन. पटलं तर मुलं घरी. नाही पटलं तर दिवाळीनंतर दोघं शाळेत. मुख्याध्यापक माझे जुने अशील आहेत, दोन जागा ठेवतील. आणि माझा फैसला आखरी!"

"कबूल!" रेणू म्हणाली आणि मठ्ठा एका दमात संपवला.

झालं! हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये जूनपासून नुसती धुमाळी. सोफ्यावर ओली चित्रं वाळत. डायनिंग टेबलावर मातीचे हत्ती, आणि जेवणारे जमिनीवर. शनिवारी म्युझियम, सोमवारी तिथे जे पाहिलं त्याची उजळणी. रोज सकाळी मराठी वाचन. इथे एक गोष्ट तुमच्यामाझ्यात सांगतो. रेणू स्वतः इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा हिंदी. मराठी ती जन्मभर बोलली, वाचली कधीच नव्हती. पोरांच्या एक धडा पुढे राहून तिचं शिकवणं चालायचं, आणि एखाद्या दिवशी मुक्ता दोन धडे पुढे गेली की रेणू घाईघाईने चित्रकलेचा तास घ्यायची. पण मागे हटली नाही हो! मान्य करायलाच हवं.

अडचण एकच, दाराची घंटा. ऐन वाचनात कुरियरवाला, ऐन मातीकामात गॅसवाला, आणि दिवसातून चारदा समोरच्या सुगुणम्मा. म्हणून रेणूने मुलांना सुंदर अक्षरात पाटी रंगवायला सांगितली, मजकूर ज्याचा त्याने ठरवायचा. मुक्ताने मजकूर केला, तन्मयने मोर काढला. पाटी बघून रेणूच्या डोळ्यांत पाणीच आलं. "क्ष! अगं मुक्ता, कसला देखणा 'क्ष' काढलायस!" त्या 'क्ष'च्या नादात बाकीचं तिने वाचलंच नाही. पाटी दाराबाहेर लागली.

पाटीवर होतं: 'घरी शिक्षा चालू आहे. बेल वाजवू नये.'

आता दसऱ्याचा आदला दिवस. उद्या अण्णा येणार म्हणून रेणू सकाळीच बेगम बाजारात गेली. दोऱ्यांच्या विणकामासाठी जाड दोर हवा होता, मातीच्या वड्या लाटायला दणकट लाटणं हवं होतं. मुलांना गृहपाठ देऊन गेली. म्युझियममध्ये पाहिलेल्या द्वारपालाच्या मूर्तीचं चित्र करायचं होतं. तन्मयने द्वारपालासारखं उभं राहायचं, मुक्ताने चित्र काढायचं. प्रशांत आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये, म्हणजे असून नसल्यासारखा.

आणि वकिली डाव बघा! अण्णा एक दिवस आधीच आले!

रेणू तासाभराने जिना चढून वर आली तेव्हा दार सताड उघडं. सोफ्यावर चित्रं बाजूला सारून अण्णा काठी टेकून ताठ बसलेले. शेजारी सुगुणम्मा पदराने डोळे टिपत होत्या. भिंतीशी तन्मय एका पायावर, दुसरा पाय गुडघ्यात मुडपलेला, एक हात वर, बोट रोखलेलं, चेहरा लालबुंद. आणि दारात रेणू, एका खांद्यावर दोराचं भेंडोळं, हातात लाटणं!

"अगंबाई, अण्णा! आजच?" मग तिचं लक्ष लेकाकडे गेलं आणि ती हरखलीच. "अरे वा रे पठ्ठ्या! अजून उभा आहेस?"

"हौ आई! आजोबा बस म्हणाले, पण मी नाही बसलो. तू येईपर्यंत हलायचं नाही बोललीस ना!"

अण्णांनी दोराकडे बघितलं. मग लाटण्याकडे बघितलं.

"रेणू," ते अगदी शांतपणे म्हणाले. साक्षीदार आपण होऊन बोलत असला तर त्याला अडवायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. "हे रोज चालतं?"

"रोज! एक दिवस खाडा नाही."

"मुलं रडत नाहीत?"

"सुरुवातीला रडायची. आता सवय झालीय. आता तर आपण होऊन मागतात!"

सुगुणम्मांनी "पापम, पापम" म्हणजे बिचारी, बिचारी म्हणत कपाळाला हात लावला.

"आणि म्युझियममध्येसुद्धा? चारचौघांत?"

"चारचौघांतच खरी मजा असते अण्णा! वीसेक मुलं एकदम. तिथल्या बाई तर माझ्यापेक्षा कडक. मुलं घरी येतात ती अशी दमून, की जेवताजेवता झोपतात."

"प्रशांतला हे माहीत आहे?"

"त्यालाही मी रविवारी बसवते! तो टाळतो, पण मी सोडते होय!"

अण्णांनी मुक्ताला जवळ बोलावलं. तिचे तळवे लालभडक होते. ठसेकामाचा रंग तो, दोन दिवस निघत नाही. पण अण्णांना कोण सांगणार!

"बाळ, घाबरू नकोस. आजोबांना सगळं सांग. आई काय काय करते?"

मुक्ताने शहाण्यासारखे हात मागे बांधले आणि पाठ म्हणावा तसं सांगितलं, "सकाळी वाचनाची शिक्षा. दुपारी चित्रकलेची शिक्षा. शनिवारी म्युझियममध्ये शिक्षा. आईची शिक्षा सगळ्यात भारी आहे, आजोबा. दुसऱ्या मुलांना अशी मिळतच नाही."

"साब, मैं बोली ना!" सुगुणम्मांचा बांध फुटला. "दरवाजे पे लिख के लगा दिए! मेरेकु हिंदी कम आता, फिर भी एक एक अक्षर मिला के पढी. शिक्षा! हमारे तेलुगूमें भी शिक्षा बोले तो सजाच होता! और रोज अंदर से आवाज आता. 'ठोक! और ठोक! हाथ से नक्को, मुठ्ठी से!' मैं चोरी से मुरुकुलु, आपकी चकली, खिलाती बच्चोंकु!"

ठोकायची होती ती माती. पण अण्णा उभे राहिले होते.

"प्रशांत!" त्या आवाजाने पूर्वी कोर्टातले पंखे थांबत म्हणे. प्रशांत हेडफोनसकट बाहेर आला. "मुलांचे कपडे भर. आत्ताच्या आत्ता दोघं माझ्याबरोबर येतील. आणि दिवाळीनंतर नाही, सोमवारपासून शाळा!"

चार महिन्यांची मेहनत, ते हत्ती, ते मोर, पोरांना लागलेली पुस्तकांची गोडी, सगळं एका वाक्यात धुऊन निघालं. "पण अण्णा, माझं चुकलं काय?" रेणूने विचारलं.

"दाराबाहेर जा आणि वाच!"

रेणू दाराबाहेर गेली. पहिल्यांदाच तिने 'क्ष' सोडून पाटी वाचली. एकदा वाचली. पुन्हा मोठ्याने वाचली. मग तिथेच पायरीवर मटकन बसली.

"मुक्ता," ती क्षीण आवाजात म्हणाली, "शिक्षा म्हणजे काय गं?"

"एज्युकेशन! म्युझियमच्या मॅडम बोलतात ना, 'बच्चों की शिक्षा'."

"अगं, ते हिंदीत! मराठीत शिक्षा म्हणजे पनिशमेंट!"

मुक्ता विचारात पडली. "मग मराठीत एज्युकेशनला काय बोलतात?"

"शिक्षण!"

"एका 'ण'चा फरक?" तन्मय एका पायावरूनच म्हणाला. "लाइट लो ना मग, सोडून दे!"

दुसरी एखादी असती तर रडली असती. रेणू उठली, पाटी काढून हातात घेतली आणि थेट सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, शब्द चुकला. तो माझा गुन्हा. पण मुआयना अजून झालेला नाही. मुलांना काय येतं ते न बघताच फैसला देणार? तुमच्या कोर्टात असं चालायचं?"

हा मुद्दा बिनतोड होता. वकिलाला वकिली भाषेत अडवलं की तो मनातून खूश होतो. अण्णा खाली बसले. त्यांनी कपाटातून हाताला येईल ते पुस्तक काढलं आणि मधलंच पान मुक्तापुढे धरलं. मुक्ताने वाचलं. जोडाक्षरांवर ठेच नाही, 'ळ'ला 'ल' नाही, आणि विनोदाच्या जागी आपली आपण हसलीसुद्धा. अण्णांची मिशी हलली.

मग तन्मय. "आजोबा, द्वारपालाचं सगळं वजन एका पायावर असतं. म्हणून कंबर अशी बाजूला जाते. बोट वर म्हणजे आत येताना नीट वागा. दगड असून तो जिवंत वाटतो, कारण कुठेच सरळ नाही. तुम्ही करून बघा, मग समजतं."

"त्यात काय!" अण्णा म्हणाले. काठी ठेवली. एक पाय मुडपला, कंबर बाजूला नेली, बोट रोखलं. सुरेख जमलं! तन्मयने टाळ्या वाजवल्या. प्रशांतने फोटो काढला.

"वा, अण्णा! आता सोडा," रेणू म्हणाली.

अण्णा सोडेनात. "रेणू," ते दातांवर दात ठेवून म्हणाले, "सुटत नाही."

कंबरेत उसण भरली होती! सुगुणम्मा किंचाळल्या, "अय्यय्यो! वकील साब कु भी शिक्षा!" चौघांनी मिळून तो द्वारपाल जसाच्या तसा उचलला आणि दिवाणावर आडवा ठेवला. बोट अजून वरच होतं.

डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. सक्त ताकीद होती की जिना उतरायचा नाही, पंधरवडाभर इथेच पडून राहायचं. डॉक्टरांची पाठ वळल्यावर अण्णांनी डोळे उघडले. सगळे भोवती जमले.

"फैसला ऐका," अण्णा म्हणाले. "मुलं शाळेत जाणार नाहीत. घरीच शिकतील. असं शिकवणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही."

रेणूने आनंदाने उडीच मारली! प्रशांतला मिठी मारली, सुगुणम्मांना मारली, चुकून दोराच्या भेंडोळ्यालाही मारली.

"थांब, संपलं नाही. ती पाटी लावण्याआधी तपासली कोणी?"

"...मी."

"हं. इथे पडून मला दुसरा उद्योग नाही. उद्यापासून मराठी मी शिकवीन. तिघांना."

दसऱ्याच्या मुहूर्तावर वर्ग सुरू झाला. दिवाणावर अण्णा, उशीशी काठी. खाली सतरंजीवर तन्मय, मुक्ता आणि कडेला रेणू, मांडीवर पाटी. शुद्धलेखन घातलं होतं, दहा जोडाक्षरांचे शब्द. स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. रेणूने हात वर केला.

"अण्णा, कुकर बंद करून येऊ?"

"आधी शब्द पूर्ण कर. 'ज्येष्ठ' लिही."

रेणूने पेन्सिल चावली. 'ज'ला 'य' जोडायचा की 'ज'ला 'ज', आणि पुढे 'ठ' की 'ट'? चौथी शिट्टी झाली. मुक्ताने तिरप्या नजरेने आईच्या पाटीकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं आणि आपली पाटी हळूच आईच्या बाजूला सरकवली.

"कर कॉपी," ती कुजबुजली. "आजोबा चष्मा पुसतायत."

आणि मंडळी, काय सांगू, रेणूने मान वाकवली आणि भराभर कॉपी केली!