ताकदीची बाटली

श्रावणातल्या एका सोमवारी माझे वडील भोरच्या एका दवाखान्यात वारले. आमच्या पासली गावच्या भातखाचरात त्यांच्या पायात काटा मोडला होता. जखम पिकली, पू रक्तात भिनला आणि मूत्रपिंडं थांबली.

त्या दवाखान्यात इस्माईलचाचा नावाचे कंपाउंडर होते. चाचा भेटलेल्या माणसाला नमस्कार करत नसत. 'लघवी झाली का?' असं विचारत. एसटी स्टँडवर, एसटीडी बूथच्या रांगेत, चारचौघांत. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी मुलीच्या बापालाच विचारलं. तो बिचारा 'व्हय, मगाशीच' म्हणाला आणि जिलबी वाढायला पुढे गेला.

दुसरं वेड म्हणजे ताकदीच्या बाटलीचा राग. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा अंडी आणतो, बोकडाच्या पायांचं सूप आणतो आणि जाताना बजावतो, 'सायेब, ताकदीची लावा.' ही बाटली म्हणजे अमिनो आम्लांचं सलाईन. नुसतं साधं सलाईन लावलं तर नातेवाइकांना फसवल्यासारखं वाटतं.

असं कुणी म्हणालं की चाचा उसळत. 'ताकद? मोरी तुंबलीया आन् तुमी वरनं घागरी वतताय व्हय? आदी खालनं पानी जाऊ द्या! म्हशीला पेंड घालावी तसं मानसाला घालाया निगालाय!'

मी मार्गासनीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. वडिलांच्या पोटात तीन दिवस अन्न नव्हतं, म्हणून मीही बाटली मागितली. "चाचा, शरीर प्रथिनांचं बनतं. अमिनो आम्लं म्हणजे त्याच्या विटा."

"सर, विटा लई हायेत, गवंडी आजारी हाय. सकाळधरनं पिशवीत चमचाभर लघवी न्हाई. तुमच्या पुस्तकातल्या मानसाला लघवी लागती का न्हाई?"

वॉर्ड हसला. कंपाउंडरनं मला शिकवावं, तेही माझा बाप समोर पडलेला असताना! मी तणतणत डॉक्टरांकडे गेलो आणि पाठ असलेलं सगळं ऐकवलं. डॉक्टर म्हणाले, "फायदा होईलच असं नाही. तोटा होणार नाही, असंही छातीठोक सांगता येत नाही. तुमचा आग्रहच असेल तर लावू."

माझा आग्रह होता. चाचांनी बाटली लावली.

तिसऱ्या दिवशी वडील गेले.

दहावं झाल्यावर मी चाचांच्या घरी गेलो. शिव्या खायच्या तयारीनं विचारलं, "चाचा, माझ्यामुळे गेले का?"

चाचा भडकलेच. "कोन म्हनतं असं? नाव सांगा त्याचं! पू रगतात गेल्यावर मोठमोठ्या डागदरांचं चालत न्हाई, तुमी कोन लागून गेला?"

मग त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. चहावर साय धरली.

"आमच्या घरवालीला, जुबेदाला, म्याच लावली व्हती," ते म्हणाले. "बाळंतपनानंतर असाच ताप. लघवी बंद. कुनी सांगितलं नव्हतं मला. ताकद यील म्हनून लावली, ह्या हातानं."

"मग त्यानंच का...?"

"बावीस वर्सं झाली, सर. यील त्या डागदराला इचारतोय."

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. चाचा निवृत्त झाले. आठवड्यातून एकदा एसटीनं मार्गासनीला येतात, माझ्याकडे जेवतात, संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. त्या बाटल्यांनी काय केलं, हे आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही.